टँकर दहा हजारांचा, टाकी किती लिटरची?

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसातून निरोप आला, "मॅडम, पाच मिनिटं खाली येता का?" मी कमिटीत नाही. नववी-दहावीला गणित शिकवते, एवढ्याच कारणानं बोलावणं होतं. टेबलावर वॉचमनकाकांची वही उघडी होती, शेजारी टँकरवाल्याचं महिन्याचं बिल आणि सेक्रेटरींनी लाल पेनानं केलेला एक हिशेब. हिशेबाखाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: दर टँकरमागे १,२०० लिटरची चोरी.

पुढचे बारा दिवस मी शाळेतून आले की या एकाच गणितात असायचे. आमच्या रस्त्यावरच्या आणखी दोन-तीन सोसायट्यांनी हा हिशेब मागितला आहे, म्हणून सगळं आकड्यांसकट इथे लिहून ठेवते आहे.

लाल पेनाचा हिशेब

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आहे. दोन विंग, सात मजले, ५६ घरं. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारली की ते पटतंही. पण घरातल्या नळाचं पाणी त्या तलावांचं नसतं. त्यातलं बरंचसं भातसा नदीचं, पिसे इथे उचलून, टेमघरला शुद्ध होऊन आलेलं असतं. मार्चनंतर दाब कमी झाला की आमची खालची टाकी भरत नाही आणि टँकर सुरू होतात. यंदा रोज दोन.

टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर वॉचमनकाका टाकीच्या झाकणातून बांबू सोडतात, ओल्या खुणेपर्यंतची उंची टेपनं मोजतात आणि वहीत लिहितात. वाढ बहुतेक वेळा २१ ते २३ सेंटीमीटर. सेक्रेटरींनी टाकीची मापं नकाशावरून घेतली होती: लांबी ८ मीटर, रुंदी ५ मीटर. तळ ४० चौरस मीटर. टँकरमध्ये १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर. १० भागिले ४० केलं की ०.२५, म्हणजे पाणी २५ सेंमी चढायला हवं. चढतं २२. बावीस सेंमीचे ८,८०० लिटर. राहिले १,२००.

भागाकारात चूक नव्हती, आणि तसं मी म्हटलंही. पण ८ आणि ५ हे आकडे कुणी टाकीत उतरून मोजले आहेत का, हे विचारल्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. टाकीच्या पाटीवर "१,००,००० लिटर" रंगवलेलं आहे, तेही नकाशावरूनच: ८ गुणिले ५ गुणिले २.५.

वहीत मला आणखी एक गोष्ट दिसली. दोन नोंदी २६ च्या आसपास होत्या आणि दोन्ही दुपारी आलेल्या टँकरच्या. "काकांनी चुकीचं वाचलं असेल," सेक्रेटरी म्हणाले. काका दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. ज्या माणसानं महिनाभर न चुकता दिवसातून चार वेळा बांबू बुडवला, त्याच्या नेमक्या दोनच नोंदी खोट्या धरायच्या, हे मला पटेना.

त्याआधीच्या शुक्रवारी गेटवर ड्रायव्हरला दोन-चार जणांनी फार वाईट बोलून घेतलं होतं. बिल अडवायचं ठरत आलं होतं. मी दोन आठवडे मागून घेतले.

टाकीत उतरून

टाकी साफ करायची तारीख जवळ आलीच होती. आदल्या रात्रीपासून दोन्ही झाकणं उघडी ठेवली, सकाळी पंखा लावून हवा खेळवली, बाहेर दोन माणसं उभी केली आणि मगच सफाईवाल्यांबरोबर मी शिडीनं उतरले. ही काळजी कुणीही टाळू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असला तर माणसाला ते कळायच्या आत शुद्ध जाते.

आत गेल्यावर कळलं की नकाशातली मापं भिंतींच्या बाहेरच्या कडांची आहेत. आतून लांबी ७.७० मीटर, रुंदी ४.७० मीटर. मधोमध १५ सेंमी जाडीची आडभिंत, तिला खाली पाणी जायला मोकळी जागा. त्यामुळे दोन कप्पे, एक ३.८० मीटर लांब, दुसरा ३.७५. शिवाय इमारतीचे दोन कॉलम टाकीतून खाली गेलेले, प्रत्येकी ४५ सेंमी चौरस. कोपरे काटकोनी आहेत का हे बघायला मी मोठ्या कप्प्याचे दोन्ही कर्ण मोजले, ६.०४ आणि ६.०६ मीटर. पायथागोरसनुसार ६.०४ यायला हवेत. दोन सेंमीचा तिरकेपणा क्षेत्रफळात जाणवण्याइतका नसतो.

पहिला कप्पा १७.८६ चौ.मी., दुसरा १७.६३. बेरजेतून दोन कॉलमचे ०.४१ वजा केले. राहिले ३५.०८ चौरस मीटर. म्हणजे टाकीत पाणी एक सेंमी चढलं की ३५१ लिटर आले. नकाशाच्या हिशेबात एक सेंमीचे ४०० धरले होते.

आता इथे जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती. तळ लहान निघाला, तर तेवढंच पाणी अधिक उंच चढायला हवं. १० भागिले ३५.०८, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंमी. आणि वहीतले २२ सेंमी म्हणजे जेमतेम ७,७०० लिटर. तूट १,२०० वरून थेट २,३०० वर गेली. मी मोजमाप करायला गेले ते ड्रायव्हरवर अन्याय होऊ नये म्हणून, आणि वर आले ते त्याच्याविरुद्धचा आकडा दुप्पट करून. त्या संध्याकाळी ऑफिसात बिल फाडायची भाषा झाली. मी आकडा लपवला नाही. पण वहीतल्या दुपारच्या दोन नोंदी अजून सुटलेल्या नाहीत, हेही तिथेच सांगितलं.

टाकीची उंचीही मोजली होती. कोब्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत सहा ठिकाणी मापं घेऊन सरासरी काढली, २.४२ मीटर, कारण तळाला किंचित ढाळ असतो. पण पाणी तिथपर्यंत चढूच शकत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपाची खालची कड २.१५ मीटरवर आहे. आणि खालून मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप, तळापासून ३२ सेंमी वर लटकतो, त्याखालचं पाणी मोटर ओढत नाही. तेव्हा एकाच टाकीची ही चार उत्तरं. नकाशावर १,००,००० लिटर. आतलं घनफळ ८४,९०० लिटर. ओव्हरफ्लोपर्यंत मावणारं पाणी ७५,४०० लिटर. आणि नळाला येऊ शकणारं ६४,२०० लिटर.

वर्गात आम्ही घनफळ आणि धारकता हे शब्द एका दमात शिकवतो. उदाहरणात "टाकीची आतील मापे" असं छापलेलं असतं आणि मुलं ते न वाचता गुणाकाराला लागतात. मीही त्यांना तिथे थांबवत नव्हते, ही गोष्ट मला त्या टाकीत उभं राहून लागली.

हा फरक कागदावरचा नाही. घरगुती वापरासाठी शहरांत साधारणपणे माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. घरात पाच माणसं धरली तर आमच्या ५६ घरांना दिवसाला ३७,८०० लिटर लागतात. पाटीवरचा लाख खरा असता तर भरलेली टाकी अडीच दिवसांहून जास्त पुरली असती. ६४,२०० लिटर पुरतात पावणेदोन दिवस. गेल्या वर्षी शटडाऊनच्या, म्हणजे पाणीपुरवठा बंद असल्याच्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ कोरडे पडले, तेव्हा "कुणीतरी बाग शिंपली" म्हणून दोन विंगमध्ये भांडण झालं होतं. कुणीच काही केलं नव्हतं. टाकीच तेवढी होती.

टाकीच्या एका कोपऱ्यात एक खड्डा आहे, वरून १.५० बाय ०.९०, तळाशी ०.९० बाय ०.६०, खोली अर्धा मीटर. मोटरचा पाइप मुळात तिथेच सोडायचा होता. कुठल्यातरी दुरुस्तीत तो आखूड बसवला गेला. या निमुळत्या खड्ड्याचं घनफळ काढायला मला फार आवडलं, कारण इथे दहावीचा शंकूछेद, म्हणजे टोक कापलेल्या शंकूचं सूत्र, चालत नाही. वरच्या आणि खालच्या आयतांचं प्रमाण सारखं नाही. दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ४७२ लिटर येतात. बाजूंची सरासरी घेतली तर ४५०. भास्कराचार्यांनी लीलावतीत, इ.स. ११५० मध्ये, खातव्यवहार या खोदकामाच्या प्रकरणात अशाच खड्ड्यांसाठी नियम दिला आहे: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून होणारं क्षेत्रफळ, या तिघांची बेरीज करायची, सहानं भागायचं, खोलीनं गुणायचं. १.३५ अधिक ०.५४ अधिक (२.४० गुणिले १.५०), म्हणजे ५.४९. सहानं भागून अर्ध्यानं गुणलं की ०.४५७५ घनमीटर, साडेचारशेहून थोडे अधिक, ४५७ लिटर. हे उत्तर सरासरीचं नाही, अचूक आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या विहिरी-तलाव खणणाऱ्यांचा हिशेब माझ्या सोसायटीच्या टाकीत जसाच्या तसा लागू पडला.

नऊ मिनिटं

सोमवारी सकाळी पावणेसातला मी बांबूपाशी न थांबता मोटरच्या पॅनेलपाशी उभी राहिले. दुपारी येणाऱ्या टँकरमध्ये आणि सकाळच्या टँकरमध्ये फरक काय, तर सकाळी घराघरांत आंघोळी-भांडी चालू असतात. वरच्या टाकीतलं पाणी उतरलं की ऑटो स्विच मोटर सुरू करतो. टँकरचा पाइप खालच्या टाकीत पडलेला होता, पाणी येत होतं, आणि चौथ्या मिनिटाला पॅनेलचा हिरवा दिवा लागला. मोटर नऊ मिनिटं चालली. टँकर रिकामा झाला तेव्हा काकांनी बांबू काढला: वाढ साडेएकवीस सेंमी.

मोटर किती पाणी ओढते ते त्याच दुपारी, टाकीत काहीच येत नसताना, मोजलं. दहा मिनिटांत पातळी साडेपाच सेंमी उतरली. साडेपाच गुणिले ३५१, म्हणजे मिनिटाला १९३ लिटर. नऊ मिनिटांत जवळपास १,७४० लिटर टँकरच्या पाइपातून येता येताच वर निघून गेले होते, ५६ घरांच्या बादल्यांत.

मंगळवारी सकाळी टँकर येताच मोटर बंद ठेवली. वाढ साडेसव्वीस सेंमी, म्हणजे ९,३०० लिटर. काकांना मी दुपारच्या त्यांच्या दोन नोंदी दाखवल्या. "मॅडम, मी तेच लिहिलेलं, जे दिसलं," ते म्हणाले. सेक्रेटरींनी त्यांची माफी मागितली, सगळ्यांसमोर. त्याबद्दल मला सेक्रेटरींचा आदर वाटतो.

तरी ७०० लिटर उरतातच.

टँकरचं पोट

ड्रायव्हर मराठवाड्यातला आहे. गेटवरच्या प्रकारापासून तो पाइप जोडायचा आणि केबिनमध्ये जाऊन बसायचा. मी टेप आणि ओळंबा घेऊन गेले तेव्हा आधी तो सावध झाला. मग म्हणाला, "मोजा ताई. गावाकडं टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहतच मोठा झालोय. पाणी चोरायचं मनातबी येत नाही." त्यानंतर टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

टँकरचं पिंप गोल नसतं, दोन्ही बाजूंनी फुगलेलं, लंबवर्तुळाकार असतं. रुंदी मोजायला दोन्ही बाजूंनी ओळंबे सोडले आणि जमिनीवर त्यांच्यातलं अंतर घेतलं, कारण पोटावरून टेप फिरवला तर वळणाची लांबी येते. पत्र्याची जाडी वजा करून आतली मापं अशी: रुंदी २.१०, उंची १.४०, लांबी ४.३० मीटर. टोकं सपाट. आकार खरंच लंबवर्तुळ आहे का, हे तपासायला मध्यापासून ३५ सेंमी वर रुंदी पुन्हा मोजली. सूत्रानुसार ती २.१० गुणिले वर्गमूळ ०.७५, म्हणजे १.८२ हवी. पत्रा वजा जाता १.८२ च आली.

लंबवर्तुळ म्हणजे वरून दाबलेलं वर्तुळ. २.१० मीटर व्यासाचं वर्तुळ १.४० उंचीपर्यंत दाबलं तर त्यातली प्रत्येक आडवी रेघ तेवढीच लांब राहते, रेघा फक्त एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून क्षेत्रफळ π गुणिले १.०५ गुणिले ०.७०, म्हणजे २.३०९ चौरस मीटर. लांबीनं गुणलं की ९.९२९ घनमीटर. वरच्या झाकणाच्या गळ्यात आणखी तीसेक लिटर मावतात. तेव्हा पिंपावर रंगवलेले १०,००० हे गळ्यापर्यंत काठोकाठ भरलं तरचे, आणि तेही किंचित वर ओढून पूर्णांक केलेले.

काठोकाठ भरून मात्र कुणी टँकर चालवत नाही. वळणावर पाणी उसळतं, झाकणातून सांडतं. पाणी वरच्या पत्र्यापासून १२ सेंमी खाली होतं. सेक्रेटरी लगेच म्हणाले, "१४० मधले १२ म्हणजे साडेआठ टक्के गेले की." जिथे पिंप चौकोनी असतं तिथे गेले असते. इथे वरचा भाग निमुळता आहे. दाबलेल्या वर्तुळाची गंमत अशी की उंचीच्या जेवढ्या टक्क्यांवर वर्तुळाचा जेवढा हिस्सा भरतो, तेवढाच लंबवर्तुळाचाही भरतो. त्यामुळे दहावीचं वृत्तखंडाचं, म्हणजे एका सरळ रेघेनं कापलेल्या वर्तुळाच्या तुकड्याचं, सूत्र सरळ वापरता येतं. इथे केंद्राशी कोन ६८ अंशांचा येतो आणि वृत्तखंड पूर्ण वर्तुळाच्या ४.१ टक्के. म्हणजे १२ सेंमी रिकामे ठेवल्यानं ४१० लिटर कमी होतात. हेच १२ सेंमी पिंपाच्या मधोमध असते तर सुमारे १,०८० लिटर झाले असते. बांबू बुडवून टँकर मोजणारा प्रत्येक जण इथे फसतो, कारण सेंमी सारखेच दिसतात.

आत पाणी हेंदकाळू नये म्हणून भोकं पाडलेले दोन आडवे पत्रे असतात. त्यांचे वीसेक लिटर. हिशेब ९,५०० वर आला. टाकीत मोजले होते ९,३००.

उतार

उरलेले दोनशे कुठे, ते ड्रायव्हरनंच दाखवलं. "ताई, तुमच्याकडं पुढच्या बाजूला पाणी राहतंय. खळखळ ऐका." आमचं आवार रस्त्यापेक्षा उंच आहे. पार्किंगच्या गाड्यांमुळे टँकर आत पूर्ण येत नाही, रॅम्पवर मागे घेऊन उभा करतात. मागची बाजू उंच, पुढची खाली, आणि पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मागे. गवंड्याच्या पाणसळीनं उतार मोजला, मीटरला २.८ सेंमी. ४.३० मीटरच्या पिंपात पुढच्या टोकाला १२ सेंमी पाणी शिल्लक, व्हॉल्व्हपाशी शून्य.

तळ सपाट असता तर या पाचरीत ४१० च्या निम्मे राहिले असते. पण तळ वळणदार असल्यानं खोली कमी होते तशी रुंदीही आटत जाते. मी पिंपाचे दहा काप कल्पून प्रत्येकाचा वृत्तखंड काढला आणि बेरीज केली, १६५ लिटर. ९,५०० मधून ते वजा केले की ९,३३५.

मोजणी आणि हिशेब यांत आता ३५ लिटरचा फरक होता. टाकीतलं एक मिलिमीटर म्हणजे ३५ लिटर. बांबूवरची ओली खूण याहून बारीक वाचता येत नाही.

सेक्रेटरी पूर्वी बांधकामाच्या साइटवर होते, त्यांचा जीव ब्रासमध्ये. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. वाळूचा डंपर मोजतानाही शीग धरायची की सपाट, यावर रोज वाद व्हायचे, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी आग्रह धरला की वजनकाट्यावरही बघू. मला तो आग्रह आवडला. माझा हिशेब माझ्याच मापांवर उभा होता, तिसरी वाट वेगळी हवीच होती. जवळच्या काट्यावर टँकर भरलेला आणि रॅम्पवर रिकामा करून आलेला, असा दोनदा तोलला. फरक ९,२८० किलो. उन्हाळ्यात तिशीच्या तापमानाचं पाणी लिटरला ०.९९६ किलो भरतं, म्हणून ९,३१७ लिटर. टाकी ९,३००, भूमिती ९,३३५, काटा ९,३१७.

लिटर आणि किलो यांचं हे नातं पूर्वी व्याख्येतच होतं. १९०१ पासून लिटर म्हणजे एक किलो शुद्ध पाण्याचं आकारमान असं धरत, आणि त्यामुळे तो हजार घनसेंटीमीटरपेक्षा किंचित, लाखात जवळपास तीन भागांनी, मोठा निघायचा. १९६४ मध्ये ती व्याख्या सोडून लिटर म्हणजे नेमका एक घनडेसिमीटर असं ठरलं. आमच्या टँकरला त्यानं पाव लिटरचा फरक पडला असता. मला ही गोष्ट वर्गात सांगायला मिळाली, मुलांनी पहिल्यांदाच विचारलं, "बाई, मग ते मोजलं कुणी?"

बिल, पाइप आणि पट्टी

पुढच्या मीटिंगमध्ये मी एकच कागद ठेवला. १०,००० आणि ७,७०० यांच्यातल्या २,३०० लिटरपैकी १,६०० च्या आसपास आमच्या मोटरनं वर चढवलेले, म्हणजे आम्हीच वापरलेले. १६५ आमच्या रॅम्पमुळे परत गेलेले. राहिलेले सुमारे ५०० टँकरच्या रंगवलेल्या आकड्यात आणि वरच्या १२ सेंमीत. या शेवटच्या पाचशेंबद्दल पुरवठादाराशी बोलणं योग्य होतं, आणि कमिटी बोलली. तो आधी अडला, मग वजनकाट्याच्या पावत्या पाहून बिलावर ९,५०० लिटर लिहायला आणि त्याप्रमाणे दर लावायला तयार झाला. मागचं बिल पूर्ण चुकतं झालं. गेटवर जे बोलले होते त्यांच्यापैकी दोघांनी ड्रायव्हरला चहाला बोलावून माफी मागितली. बाकीचे आले नाहीत.

रॅम्पचा प्रश्न दोन गाड्या सकाळी अर्धा तास हलवून सुटला. त्यातली एक तळमजल्यावरच्या आजींच्या मुलाची, ती आजी स्वतः आठवण करून हलवायला लावतात. टँकर सपाट जागी उभा राहू लागल्यापासून वाढ २७ सेंमी येते.

प्लंबरनं मोटरचा पाइप खड्ड्यात उतरवला, जाळीसकट फूटव्हॉल्व्ह खड्ड्याच्या तळापासून १५ सेंमी वर ठेवून, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही. आता टाकीतलं पाणी तळापासून ५ सेंमी उरेपर्यंत वापरता येतं. २७ सेंमी गुणिले ३५१, जवळपास ९,५०० लिटर, एका टँकरएवढं पाणी त्याच टाकीत सापडलं. मीटिंगमध्ये कुणीतरी "मग रोज एक टँकर वाचला" असं म्हणालं, आणि मला ते लगेच खोडावं लागलं. हा साठा आहे, रोजची आवक नाही. तो शटडाऊनच्या वेळी सहा तास जास्त काढायला उपयोगी पडेल, टँकर एकही कमी होणार नाही. पाटीवरचा लाख पुसून तिथे ७३,७०० रंगवलं आहे.

वॉचमनकाकांच्या बांबूच्या जागी आता पीव्हीसी पाइपाची काठी आहे. टाकीच्या भिंती सरळ असल्यानं तिच्यावर लिटरच्या खुणा सारख्या अंतरावर आल्या, त्या काकांनीच ऑइलपेंटनं ओढल्या. वहीत आता "मोटर बंद/चालू" असा नवा रकाना आहे.

ड्रायव्हरनंही पट्टी मागितली. पेट्रोल-डिझेलच्या टँकरची धारकता वैधमापनशास्त्राच्या नियमांखाली तपासली जाते, त्यांच्यासोबत डिपरॉड, म्हणजे आतली पातळी मोजायची खुणांची काठी, असतो, हे त्याला ठाऊक होतं. पाण्याच्या टँकरला असं काही का नसतं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खुणा करून दिल्या. तळापासून १४ सेंमीला ५१७ लिटर, २८ ला १,४१४, ४२ ला २,५०५, ५६ ला ३,७०९, निम्म्यावर, ७० ला, ४,९६५. वर जाताना हेच उलट क्रमानं. म्हणजे सारख्या लिटरच्या खुणा तळाशी विरळ, मध्ये दाट, पुन्हा वर विरळ. तो बराच वेळ पट्टी उलटसुलट करून बघत राहिला. मग शिडीनं वर चढला, झाकण उघडलं, पट्टी सोडली आणि बाहेर काढून ओल्या खुणेवर बोट ठेवलं. "एकशे अठ्ठावीस," तो वरून म्हणाला. "साडेनऊ हजार झालं ना, ताई?"

काकांनी वहीत लिहिलं.